आपल्या नावांची कुळकथा

संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एका बारशाची हकिकत सांगितली आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध दांपत्याला उतारवयात मुलगा झाला. आठव्या दिवशी सोयरेधायरे जमले आणि रीतीप्रमाणे मुलाला बापाचेच नाव ठेवू लागले. आईने मात्र योहान हे नाव सांगितले. तुमच्या कुळात या नावाचा कोणीच नाही, अशी हरकत नातलगांनी घेतली. अखेर मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहून दिले आणि त्याची वाचा मोकळी झाली.

दोन हजार वर्षे लोटली, पण हा वाद काही मिटलेला नाही. बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला की आपल्या घराघरांतून तो नव्याने सुरू होतो. आजीला वाटते, आजोबांचे नाव चालावे. आईबापांना काहीतरी नवे, कोणी न ठेवलेले नाव हवे असते. कोणी म्हणतो, आपण मराठी माणसे, तेव्हा नाव मराठीच असावे. कोणी विचारतो, मग ते ख्रिस्ती कसे? या वादात कोणता पक्ष घ्यावा हे ठरवण्यापूर्वी आपली नावे कोठून आली, त्यांचा अर्थ काय आणि ती आपली कशी झाली, हे जाणून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते. म्हणून हा प्रपंच.

एकच नाव, अनेक वेश

आपल्या नावांचा सर्वांत जुना थर हिब्रू आणि अरामी भाषांचा आहे. हिब्रू नाव हे बहुधा एक लहानसे वाक्यच असते. ‘योहानान’ म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. ‘योसेफ’ म्हणजे तो आणखी देवो. ‘राफाएल’ म्हणजे देव बरे करतो. ‘अलीशिबा’ म्हणजे माझा देव हीच माझी शपथ. ‘मीखाएल’ हे तर चक्क प्रश्नच आहे: देवासारखा कोण आहे? माणिकपूरच्या ख्रिस्तमंदिराचा आश्रयदाता संत मायकल हा प्रश्न नावातच घेऊन उभा आहे. ‘थोमा’ हा अरामी शब्द असून त्याचा अर्थ जुळा असा होतो. आणि ‘येशू’ हे नाव ‘यहोशवा’ या जुन्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. परमेश्वर तारण करतो, हा त्याचा अर्थ. जुन्या करारातील यहोशवा आणि आपला तारणारा यांचे नाव मुळात एकच आहे.

ही नावे हिब्रूतून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून लॅटिनमध्ये, लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून आपल्या किनाऱ्यावर आली. प्रत्येक बंदरावर त्यांनी नवा वेश घेतला. योहानचा लॅटिनमध्ये योहान्नेस झाला, पोर्तुगीजमध्ये जुआंव झाला, कोकणी जिभेवर जुवांव झाला आणि इंग्रजी अमदानीत जॉन झाला. योसेफचा जुजे झाला, मीखाएलचा मिंगेल झाला, सेबास्तियनचा बस्त्यांव झाला, इग्नेशियसचा इनास झाला आणि दोमिंगोसचा दुमिंग झाला. ही रूपे अशुद्ध नव्हेत. जिभेने परके नाव घासूनपुसून आपलेसे केले, याची ती खूण आहे.

याकोब या नावाचा प्रवास सर्वांत गमतीचा आहे. लॅटिनमध्ये याकोबुस आणि पुढे याकोमुस अशी त्याची दोन रूपे झाली. दुसऱ्या रूपापासून फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजी ‘जेम्स’ आला. तिकडे स्पेन-पोर्तुगालमध्ये संत याकोबाला ‘सांत इयागो’ म्हणत. हे दोन शब्द एकमेकांना चिकटून ‘सांतियागो’ झाले आणि लोकांनी ते पुन्हा चुकीच्या जागी तोडून ‘तियागो’ हे नवेच नाव काढले. आगाशीचे ख्रिस्तमंदिर संत जेम्सचे आहे. याकोबाच्या पत्रातील वाचन आपण मिस्सेत ऐकतो. पण मराठी बायबलातील याकोब आणि आगाशीचा जेम्स हे एकच नाव आहे, हे किती जेम्सना ठाऊक असेल? मराठी वाचनात आपण पेत्र, योहान, याकोब, अलीशिबा ऐकतो आणि घरी पीटर, जॉन, जेम्स, एलिझाबेथ अशा हाका मारतो. नाव आणि शास्त्र यांत जी दरी पडली आहे, ती बरीचशी भाषांतराची आहे.

याच कारणाने घरातले पुष्कळसे वाद निष्कारण ठरतात. नातवाचे नाव ‘इयान’ ठेवले म्हणून जॉन आजोबांनी रुसण्याचे कारण नाही. इयान हा स्कॉटलंडचा जॉनच. आयर्लंडचा शॉन, रशियाचा इवान, स्पेनचा हुआन, इटलीचा जोव्हान्नी, सगळे एकाच योहानचे वंशज. नातीचे नाव जॅनेट असले तरी तिच्यात आजोबा आहेतच.

हिब्रूच्या शेजारी ग्रीक आणि लॅटिन नावांचा थर आहे. प्रभूने शिमोनाला अरामी भाषेत ‘केफा’ म्हटले. त्याचे ग्रीक भाषांतर पेत्रोस, म्हणजे खडक. जॉर्ज म्हणजे शेतकरी, फिलिप म्हणजे अश्वप्रेमी, स्टीफन म्हणजे मुकुट, अँड्र्यू म्हणजे पुरुषार्थी आणि अ‍ॅग्नेस म्हणजे निर्मळ. लॅटिन व्हिक्टर म्हणजे विजयी, बेनेडिक्ट म्हणजे आशीर्वादित, लुसी हे प्रकाशाचे नाव, तर पॉल म्हणजे लहान. जगभर फिरलेल्या त्या थोर प्रेषिताचे नाव ‘धाकटा’ असावे, यात आम्हांला मोठी गोडी वाटते. काही नावांना पंचांगाचाही आधार होता. रविवारी जन्मलेला दोमिंगोस, नाताळात जन्मलेला नाताल आणि पुनरुत्थानाच्या सणाला जन्मलेला पास्कोल. आपल्याकडे ‘सोमा’ आणि ‘मंगळ्या’ ज्या रीतीने झाले, तीच ही रीत.

संतांना नावे कोठून मिळाली?

आपण संतांची नावे घेतो. पण संतांनी ती कोणाकडून घेतली, याचा विचार आपण सहसा करत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसचा बाप्तिस्मा जोव्हान्नी, म्हणजे जॉन, या नावाने झाला होता. परंपरा सांगते की त्याचे वडील व्यापारानिमित्त फ्रान्सला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मुलाला ‘फ्रान्चेस्को’ म्हणायला सुरुवात केली. या शब्दाचा अर्थ फक्त ‘फ्रेंच माणूस’. त्यात धार्मिक असे काहीच नव्हते. १२२६ साली तो गरिबांचा सखा निधन पावला तेव्हा मात्र त्या नावाचा अर्थ कायमचा पालटला होता. पुढे २०१३ साली नव्या पोपमहोदयांनी ते धारण केले आणि पोपपदाच्या इतिहासात फ्रान्सिस हे नाव प्रथमच आले.

‘झेवियर’ हे तर माणसाचे नाव नव्हेच, ते एका घराचे नाव आहे. स्पेनच्या उत्तरेस नवार्रा प्रांतात एक गढी आहे. तिचे नाव बास्क भाषेतील ‘एचे बेरी’ या शब्दांपासून आले. ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. त्या गढीत १५०६ साली फ्रान्सिस्को जन्मला. तो जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वाटेत आपल्या वसईलाही आला आणि १५५२ साली चीनच्या उंबरठ्यावर त्याने देह ठेवला. त्याच्या पुण्याईने एका गढीचे नाव लक्षावधी मुलांचे नाव झाले. झेवियरचे मराठी भाषांतर करायचे तर ते ‘नवघर’ असेच करावे लागेल. आणि नवघर हे तर आपल्या माणिकपूरला लागून असलेले गाव. गिरिजच्या ख्रिस्तमंदिरात संत फ्रान्सिस झेवियरचा सण साजरा होतो, तेव्हा नवार्राचे नवघर आणि वसईचे नवघर यांत काही हातांचेच अंतर उरते.

पादुआच्या संत अंतोनीची कथाही अशीच आहे. तो लिस्बन शहरातला. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव होते फेर्नांदो. १२२० साली तो फ्रान्सिसच्या संघात आला, तेव्हा त्याने अंतोनी हे नाव घेतले. आता पाहा, ‘फर्नांडिस’ या आडनावाचा अर्थ फेर्नांदोचा पुत्र. तेव्हा अँथनी फर्नांडिस असे नाव धारण करणारा प्रत्येक जण त्या एकाच संताचे जन्माचे आणि व्रताचे अशी दोन्ही नावे नकळत मिरवीत असतो.

आपल्या मातीतला संत गोन्सालो गार्सिया याचेही उदाहरण घ्यावे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन बंधू १५९७ च्या ५ फेब्रुवारीस जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदाला पोहोचला. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याच्या ‘गोन्सालो’ या नावातील ‘गुंड’ या जुन्या जर्मानिक शब्दाचा अर्थ युद्ध असा आहे. युद्धाचे नाव धारण करणाऱ्या त्या वसईकराने शस्त्र न उचलता प्राण दिले. वसईतील गोन्साल्विस कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की त्यांचे आडनाव म्हणजे गोन्सालोचा पुत्र. संताचे नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे.

आडनावांतले बाप आणि झाडे

आडनावांचा विषय निघाला आहे, तर तो थोडा विस्ताराने पाहू. पाचव्या शतकात व्हिसिगॉथ नावाचे जर्मानिक लोक स्पेन-पोर्तुगालमध्ये शिरले आणि आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांनी तेथे राज्य केले. त्यांची सत्ता गेली, भाषा गेली, पण नावे राहिली. रोद्रिगो म्हणजे कीर्तिमान सत्ताधीश. आफोन्सो, फेर्नांदो, गोन्सालो हीसुद्धा त्याच घराण्यातली नावे. आपण चवीने खातो त्या ‘हापूस’ आंब्याचे नावही आफोन्सोचाच कोकणी अवतार आहे.

पोर्तुगीज लोक मुलाच्या नावापुढे बापाचे नाव जोडत आणि त्याला शेवटी ‘एस’ लावीत. रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेस, म्हणजे आपला रॉड्रिग्ज. लोपोचा मुलगा लोपेस, म्हणजे आपला लोपीस. लोपो हे लॅटिन ‘लुपुस’पासून आले असून त्याचा अर्थ लांडगा. मार्तिमचा मार्टिन्स, नुनोचा नुनीस, पेरोचा, म्हणजे पेद्रोचा, पिरिस, तर वास्कोचा वाझ. ही पद्धत मुळात आपल्या मराठी पद्धतीहून निराळी नव्हती. आपणही मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावतोच. फरक इतकाच की पोर्तुगालात ती साखळी कालांतराने थांबली आणि कोण्या एका बापाचे नाव पुढील सर्व पिढ्यांना चिकटून आडनाव झाले. म्हणून आपल्या पूर्ण नावात हल्ली दोन बाप असतात, मधला आपला खरा आणि शेवटचा चार-पाचशे वर्षांपूर्वीचा अज्ञात पोर्तुगीज. त्यात मुलाचे नाव विल्सन ठेवले तर बापांची संख्या तीन होते, कारण इंग्रजीत विल्सन म्हणजे विलचा मुलगा! आम्ही हे विनोदाने लिहीत असलो तरी त्यातून एक गोष्ट कळते. नावाचा कोशातला अर्थ आणि नाव धारण करणाऱ्याचा वंश, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वच आडनावे बापावरून आलेली नाहीत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, सिल्वा म्हणजे रान, कोएल्हो म्हणजे ससा, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. डिसोझा आणि लिमा ही नद्यांवरून आलेली आडनावे. डिमॉन्टी म्हणजे डोंगराकडचा. आपले पिंपळे, आंबेकर, डोंगरे, वाघ, नांगरे यांची ही पोर्तुगीज भावंडे म्हणावीत. डिक्रूझ आणि रोझारिओ ही क्रूस आणि रोझरी यांची भक्तिनामे. आणि मिस्किटा? पोर्तुगीज भाषेत ‘मेस्किता’ म्हणजे मशीद. आल्मेडा हे गावाचे नावही अरबी भाषेतून आले. अरबांनी त्या देशावर कित्येक शतके राज्य केले, त्याची ही सही आहे. निष्ठावंत कॅथोलिक कुटुंबे मशिदीचे नाव शतकानुशतके मिरवीत आली आणि त्यांत कोणाला काही वावगे वाटले नाही.

मग ही आडनावे आपल्याकडे कशी आली? १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे येथे ख्रिस्तदीक्षा झाल्या, तेव्हा नवदीक्षितांना संताचे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा दीक्षा देणाऱ्या धर्मगुरूचे मिळे. यामुळेच एकाच गावात तेच तेच आडनाव आढळते. यामुळेच आडनाव पोर्तुगीज असणे ही पोर्तुगीज रक्ताची खूण ठरत नाही. आपली बोली, शेती, लुगडे, लग्नातली गाणी यांनी आपला वंश कोणता ते केव्हाच सांगितले आहे. आडनावे ऐकून आपल्याला परके मानणाऱ्यांना हे एकदा शांतपणे सांगावे लागते. त्याहून अधिक वेळा ते आपल्याच मुलांना सांगावे लागते.

यात एक हानीही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. दीक्षेपूर्वीची आपल्या पूर्वजांची नावे बहुतेक घरांत विसरली गेली. ज्या आजोबा-पणजोबांनी ही वाडी प्रथम शिंपली, त्यांना त्यांच्या आया कोणत्या नावाने हाक मारीत होत्या, हे आज आपण सांगू शकत नाही. नवे नाव हे नवजीवनाचे चिन्ह होते हे खरे. पण जुने नाव पुसले जाणे ही त्याची किंमत होती, हेही तितकेच खरे.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि दोनशे पाच वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. आता ही नावे ठेवा म्हणून सांगणारा कोणी राजा उरला नव्हता. तरीही आपल्या पूर्वजांनी पेद्रू, मिंगेल आणि बस्त्यांव ही नावे टाकली नाहीत. मराठी राज्यात, मराठी बोलत, त्यांनी ती मुलानातवांना दिली. ज्या दिवशी सक्ती संपली आणि नावे राहिली, त्या दिवशी ती खऱ्या अर्थाने आपली झाली. ‘हे नाव परके’ असे म्हणताना ही गोष्ट विसरता येत नाही.

मरियेची अनेक नावे

आपल्या स्त्रियांच्या नावांत मरियामातेचे राज्य आहे. ‘मिर्याम’ या हिब्रू नावाच्या अर्थाविषयी पंडितांचे एकमत नाही. संत जेरोमने त्याचा एक अर्थ ‘सागराचा थेंब’ असा दिला. लॅटिनमध्ये थेंबाला ‘स्तिल्ला’ म्हणतात. नकल करताना त्या शब्दातील एक स्वर बदलला आणि ‘स्तेल्ला’, म्हणजे तारा, झाला असे अभ्यासक मानतात. लेखणीच्या एका फटकाऱ्याने थेंबाचा तारा झाला. आणि त्या सागरताऱ्याकडे पाहून कित्येक पिढ्यांच्या दर्यावर्दींनी आपली होडी घरी आणली. स्टेला हे नाव त्यातूनच लोकप्रिय झाले.

मरियेच्या एकेका बिरुदाचेही स्वतंत्र नाव झाले. दोलोरेस म्हणजे दुःखे, मर्सेदेस म्हणजे दया, पिएदाद म्हणजे करुणा, कोन्सेसांव म्हणजे निष्कलंक गर्भसंभव, ग्रासा म्हणजे कृपा. कार्मेलिन हे पवित्र भूमीतील कार्मेल डोंगराचे, लूर्ड्स हे १८५८ साली मरियेने दर्शन दिले त्या फ्रेंच गावाचे. आपल्या वसईत तर गावांनाही अशी नावे मिळाली. रेमेदिओस मातेवरून रमेदी आणि मर्सेस मातेवरून मर्सेस. १९१७ साली मरियेने पोर्तुगालमधील फातिमा या खेड्यात दर्शन दिले आणि आपल्या मुलींत फातिमा हे नाव रूढ झाले. हे नाव मूळचे अरबी, इस्लामच्या प्रेषितांच्या कन्येचे. आपली फातिमा आणि शेजारच्या मोहल्ल्यातील फातिमा एकाच नावाच्या हाकेला ओ देतात. आम्हांला यात संकोच वाटण्याजोगे काही दिसत नाही. उलट नावे धर्माधर्मांतल्या भिंती किती सहज ओलांडतात, हे दिसते.

नाव ख्रिस्ती कशाने होते?

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. ख्रिस्ती नाव म्हणजे काय? पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांनी बाप्तिस्म्याच्या वेळी नावे बदलली नव्हती. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात ज्या बंधुभगिनींना सलाम पाठवले, त्यांत हर्मेस आणि नेरेउस आहेत. ही ग्रीक देवतांची नावे. फीबी हे नावही त्यांच्याच पुराणातले. पौलाने त्यांना नावे बदलण्यास सांगितल्याचे कोठेही दिसत नाही.

इतकेच नव्हे, तर खुद्द संतमालिकेतही अशी नावे आहेत. मार्टिन म्हणजे मार्स या रोमन युद्धदेवाचा. डेनिस म्हणजे दियोनिसस या मद्यदेवाचा. इसिदोर म्हणजे इजिप्तच्या इसिस देवीचे दान. आज इसिदोर हे नाव ऐकून कोणाला इसिस देवी आठवत नाही. आठवतो तो शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर. नावाने माणूस पवित्र झाला नाही, माणसाने नाव पवित्र केले.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने नोंदवले आहे की श्रद्धावंत आपल्या मुलांना पेत्र आणि पौल ही नावे आवडीने ठेवू लागले आहेत. हे लिहिणाऱ्या बिशपचे स्वतःचे नाव मात्र मद्यदेवाचेच होते! चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम याने पालकांना पूर्वजांऐवजी संतांची नावे ठेवण्याचा आग्रह केला. ५३३ साली पोपपदी निवडल्या गेलेल्या मेर्कुरियस याला रोमन देवाचे नाव त्या आसनावर प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्याने योहान हे नाव घेतले. पोपमहोदयांनी नाव बदलण्याची प्रथा तेथून सुरू झाली.

सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मग्रामांत नोंदवह्या ठेवण्यास सांगितले आणि त्यानंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने संताचे नाव ठेवावे असा उपदेश केला. १९१७ च्या धर्मविधानाने हा नियम पक्का केला. आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे त्यात होते. आपल्यापैकी अनेकांचे शाळेतले नाव एक आणि चर्चमधले नाव दुसरे, याचे कारण हेच. १९८३ च्या नव्या धर्मविधानात मात्र ८५५ वा नियम निराळ्या शब्दांत आला. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी, एवढेच तो सांगतो. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानेही संताच्या नावाबरोबरच ख्रिस्ती रहस्य किंवा सद्गुण व्यक्त करणाऱ्या नावांना मान्यता दिली आहे.

मराठी नावांचा हक्क

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्साविधी मराठीत आला. वेदीवर मराठी आली, तेव्हा पाळण्यातही ती येणे स्वाभाविक होते. आनंद, विजय, ज्योती, करुणा, कृपा, आशा ही नावे आपल्या घरांत रुळली. त्यांवर आक्षेप घेणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा. फेलिक्स म्हणजे आनंदी, व्हिक्टर म्हणजे विजयी, लुसी म्हणजे प्रकाश, अ‍ॅना म्हणजे कृपा, आयरीन म्हणजे शांती. पोर्तुगीजांनी आपल्या बोलीतल्या साध्या शब्दांपासून साल्वादोर, पिएदाद आणि एस्पेरान्सा ही नावे बनवली, ती भक्तीची ठरली. मग आपण आपल्या बोलीतून करुणा आणि आशा ही नावे बनवली, तर ती परकी कशी?

याला जुना आधारही आहे. प्राचीन केरळीय ख्रिस्ती मंडळींनी सिरियाक भाषेतून आलेली नावे मल्याळी करून घेतली. पेत्राचा पत्रोस झाला, जॉर्जचा वर्गीस, याकोबाचा चाक्को. तमिळ प्रदेशात १७४५ साली नीलकंठ पिळ्ळै यांचा बाप्तिस्मा लाजरस या नावाने झाला. पण त्या नावाचा ‘देवाने साहाय्य केले’ हा अर्थ घेऊन त्यांना ‘देवसहायम’ म्हटले गेले. १७५२ साली ते हुतात्मा झाले आणि २०२२ साली ‘संत देवसहायम’ या भारतीय नावानेच वेदीच्या सन्मानास पोहोचले. आता तेही संताचेच नाव झाले. आपल्या महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथात १८९५ साली दीक्षा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपले नाव तसेच ठेवले. त्या नावाने त्यांच्या ख्रिस्तभक्तीत काही उणे पडले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

पण म्हणून जुनी नावे टाकावीत, असे आमचे म्हणणे नाही. फ्रान्सिस दिब्रिटो या आपल्या धर्मगुरू-साहित्यिकाने २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ‘दे ब्रितो’ हे पोर्तुगीज आडनाव त्यांनी ‘दिब्रिटो’ असे मराठी वळणाने लिहिले आणि ते मराठी साहित्याच्या इतिहासात कायमचे गेले. मराठीपण नावाच्या व्युत्पत्तीत नसते, ते धारण करणाऱ्याच्या वाणीत असते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आमचा आक्षेप आहे तो अर्थहीन नावांवर. आईच्या नावातील एक अक्षर, बापाच्या नावातील दुसरे, आणि कानाला बरे वाटेल असे तिसरे, अशी जुळणी करून जी नावे हल्ली बनवली जातात, त्यांना ना कोणी संत पूर्वज असतो, ना कोणी आजोबा, ना कोणता अर्थ. मूल मोठे होऊन विचारते, माझे नाव कोणाचे? त्यावर आपल्याकडे उत्तर नसते. ज्या नावाला सांगण्यासारखी गोष्ट नाही, ते हाक मारायला पुरते, पण वारसा म्हणून देता येत नाही.

आता काय करावे?

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम झाला आहे. बापांच्या नावांनी भरलेल्या आपल्या नावांत आता आईला जागा मिळाली. संत मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक प्रभूला मरियेचा मुलगा म्हणून ओळखतात, हे या निमित्ताने आठवते. नावे लिहिण्याची रीत अशी काळाप्रमाणे बदलत असते, त्यात भिण्यासारखे काही नाही.

मात्र बदलत्या काळात काही जपायचे असेल, तर ते कागदावर उतरवले पाहिजे. आपल्या आळीत एकाच नावाचे तिघे-चौघे असले की लोक त्यांना आजोबांच्या नावावरून, घराच्या जागेवरून किंवा एखाद्या लकबीवरून वेगळे ओळखतात. घराण्यांची ती हाकेची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. ती जाणणारी माणसे आता थकली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एका वहीत आपल्या पाच पिढ्यांची नावे लिहावीत. बाप्तिस्म्याचे नाव, घरातले नाव, हाकेचे नाव आणि ते कोणावरून पडले, इतके लिहिले तरी पुष्कळ झाले. धर्मग्रामाच्या कचेरीत जुन्या नोंदी पाहायला मिळाल्या, तर त्यातील जुवांव आणि मिंगेल हेच आपले पणजोबा, हे मुलांना दाखवावे.

आणि पुढच्या वेळी घरात बारशाचा वाद निघेल, तेव्हा नाव कोणत्या भाषेतले, हा प्रश्न शेवटी ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा की हे नाव मुलाला कोणाची ओळख करून देणार आहे? संताची, आजीची, एखाद्या सद्गुणाची की प्रभूच्या कृपेची? उत्तर मिळाले की नाव योहान असो, इयान असो वा कृपा, ते ख्रिस्तीच आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, असे प्रभूने सांगितले आहे. ती हाक ज्याला आपली वाटेल असे नाव आपण आपल्या लेकरांना द्यावे आणि त्यामागची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.